शार्दोनेची गरीब भावंडं : उन्हाळ्यासाठी फ्रान्सची स्वस्त व्हाईट वाईन कशी निवडायची?

जुलै महिना. तुम्ही शिकायला म्हणून फ्रान्समध्ये आहात. बाहेर ३५ डिग्री, खोलीत एसी नाही, आणि वर्गातल्या पोरांचा मेसेज येतो, "संध्याकाळी नदीकाठी भेटतोय. येताना एक व्हाईट घेऊन ये."

तुम्ही सुपरमार्केटात जाता. समोर भिंतभर बाटल्या. ४ युरोपासून ४० युरोपर्यंत. लेबलवर किल्ले, मुकुट, सोनेरी पदकं, लांबलचक गावांची नावं. आणि त्यातल्या निम्म्या बाटल्यांवर आत कोणतं द्राक्ष आहे हेच लिहिलेलं नाही.

मग आपण सगळे जे करतो तेच तुम्हीही करता. सगळ्यात स्वस्त घेतली तर लोक हसतील, सगळ्यात महाग परवडत नाही, म्हणून मधल्या किमतीची, किल्ल्याचं चित्र असलेली एक बाटली उचलायची आणि देवाचं नाव घ्यायचं.

पण खरं सांगायचं तर उन्हाळ्यात प्यायच्या फ्रेंच व्हाईट वाईनच्या बाबतीत स्वस्त म्हणजे वाईट असं गणित नाहीये. इथे आपण बऱ्याचदा पैसे मोजतो ते पत्त्याचे. चांगला पत्ता, महाग बाटली. त्यामुळे शेजारचा साधा पत्ता माहीत असला की काम होतं.

कसं ते समजून घेऊ.

आधी एक घरगुती भानगड

व्हाईट वाईनच्या दुनियेत सगळ्यात मोठं नाव म्हणजे शार्दोने. फ्रान्सच्या बुर्गोन्य भागातल्या मोंत्राशे या शेतातली शार्दोने एका बाटलीला शेकडो युरो सहज घेऊन जाते. शाब्ली हे प्रसिद्ध नाव ऐकलं असेल, तीही शार्दोनेच.

१९९९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात द्राक्षांच्या डीएनएवरचं एक संशोधन छापून आलं. त्यातून कळलं की शार्दोनेचे आईबाप आहेत पिनो आणि गुए ब्लां. पिनो म्हणजे बुर्गोन्यमधलं खानदानी द्राक्ष. आणि गुए ब्लां म्हणजे मध्ययुगात गरीब शेतकरी लावायचे ते, हलक्या प्रतीचं समजलं गेलेलं द्राक्ष. एकदम हिंदी पिक्चरची स्टोरी.

पण खरी गंमत पुढे आहे. या जोडप्याला शार्दोने हे एकच अपत्य नव्हतं. आलिगोते आणि मलों द बुर्गोन्य ही द्राक्षंही त्यांचीच पोरं निघाली. म्हणजे शार्दोनेची सख्खी भावंडं. एक भाऊ करोडपती झाला, बाकीचे मात्र आजही साध्या दुकानात दहा-बारा युरोच्या आत मिळतात.

सख्खी भावंडं आहेत म्हणून चव सारखीच असते असं नाही, जसं आपल्या घरातही नसतं. पण उन्हाळ्याचा विषय आला की या गरीब भावंडांचं पारडं जड ठरतं. का, ते बघू.

मग किंमत नेमकी कशाची असते?

तीन गोष्टींची.

पहिली, जमिनीची. फ्रान्समध्ये १९३५ पासून कायदा आहे की ठरावीक भागाचं नाव लेबलवर लावायचं असेल तर द्राक्ष त्याच भागातलं हवं आणि वाईनही ठरलेल्या नियमांनीच बनवलेली हवी. लेबलवर दिसणारं एओसी किंवा आता एओपी म्हणजे हेच. जसा आपल्याकडे देवगड हापूस. साहजिकच ज्या गावाचं नाव गाजलं, तिथली जमीन महाग आणि बाटलीही महाग.

उदाहरण घ्या. सान्सेर हे ल्वार नदीकाठचं गाव सोव्हिन्यों ब्लां या द्राक्षासाठी जगप्रसिद्ध आहे. तिथली बाटली फ्रान्समध्येच साधारण १५ युरोच्या पुढे जाते. त्याच ल्वार नदीच्या खोऱ्यात, पश्चिमेला तुरेन नावाचा भाग आहे. तिथेही सोव्हिन्यों ब्लांच पिकतं. तिथली बाटली ६ ते १० युरोत मिळते. माती, हवा वेगळी आहे, त्यामुळे दोन्ही वाईन एकच आहेत असं कुणी म्हणणार नाही. पण नदीकाठी सतरंजीवर बसून पिताना किमतीतला हा फरक जिभेला कळेल का, हा प्रश्न आहे.

दुसरी किंमत पिंपाची. महागड्या वाईन ओक लाकडाच्या पिंपात मुरवतात. २२५ लिटरचं एक नवं फ्रेंच पिंप कित्येक शे युरोंना पडतं आणि त्यात साधारण ३०० बाटल्या बसतात. म्हणजे प्रत्येक बाटलीवर दोन-तीन युरो फक्त लाकडाचे. स्वस्त व्हाईट वाईन स्टीलच्या टाकीत बनते, आणि ती टाकी वर्षानुवर्षं चालते.

तिसरी किंमत वेळेची. वाईन दोन-तीन वर्षं तळघरात ठेवायची म्हणजे तेवढे दिवस पैसा अडकला. उन्हाळी व्हाईट वाईन शरद ऋतूत बनते आणि पुढच्या वसंतात विकायला येते.

आता नीट बघा. गाजलेला पत्ता, पिंप आणि मुरवणं, या तिन्ही गोष्टींची उन्हाळ्यात गरजच नसते.

उन्हाळ्यात जिभेला काय लागतं?

आपण तळलेल्या बोंबलावर लिंबू का पिळतो? कारण आंबटपणाने तेलकटपणा कापला जातो, तोंडाला पाणी सुटतं आणि पुढचा घास घ्यावासा वाटतो. चांगली उन्हाळी व्हाईट वाईन हेच काम करते. त्यामुळे तिच्यात चार गोष्टी हव्यात : भरपूर आंबटपणा, गोडवा जवळपास शून्य, अल्कोहोल कमी (११ ते १२.५ टक्के) आणि ओकचा वास नाही.

शिवाय उन्हाळ्यात आपण वाईन चांगली गार करून पितो. गारव्यात सुगंध दबतो आणि कडवटपणा, तुरटपणा जास्त जाणवतो. म्हणजे ४० युरोची पिंपात मुरवलेली वाईन बर्फात बुडवून प्यायलात तर ज्यासाठी पैसे दिले ते दबून जाणार आणि लाकूड तेवढं चावायला येणार.

तर मग ही पाच नावं लक्षात ठेवा

(फ्रेंचमध्ये शेवटची अक्षरं बऱ्याचदा गिळतात. त्यामुळे लेबलवरचं स्पेलिंग आणि उच्चार जुळत नाहीत. घाबरू नका.)

१. मुस्कादे

लेबलवर शेवटी 'टी' दिसेल, तो उच्चारायचा नाही. ल्वार नदी अटलांटिक समुद्राला मिळते तिथे, नांत शहराच्या आसपास ही वाईन बनते. द्राक्ष आहे मलों द बुर्गोन्य, म्हणजे शार्दोनेचं पहिलं गरीब भावंडं.

हे बुर्गोन्यचं द्राक्ष समुद्राकाठी कसं पोचलं? सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांना ब्रँडी गाळण्यासाठी साधी, आंबट व्हाईट वाईन हवी होती, म्हणून या भागात पांढऱ्या द्राक्षांची लागवड वाढली. त्यानंतर १७०९ चा भयंकर हिवाळा आला. वेली गोठून मेल्या. थंडीला दाद न देणारं मलों त्यातून तगलं आणि मग सगळीकडे तेच लावलं गेलं.

मुस्कादे घेताना लेबलवर 'सुर ली' हे दोन शब्द शोधा. याचा अर्थ 'गाळावर'. आंबवण्याचं काम संपल्यावर मेलेलं यीस्ट तळाशी बसतं. ही वाईन त्या गाळावरच हिवाळाभर ठेवतात आणि तिथूनच थेट बाटलीत भरतात. त्यामुळे एरवी पातळ वाटणाऱ्या वाईनला थोडी पावासारखी चव येते, जरा भरीवपणा येतो आणि कधीकधी जिभेवर हलकी चुणचुण जाणवते. फ्रान्समध्ये किंमत साधारण ५ ते १० युरो. सोबत मासे, कालवं, कोळंबी.

२. पिकपूल द पिने

ही दक्षिणेची, भूमध्य समुद्राकाठची. लांगदॉक भागात 'एतां द तो' नावाचं एक खारं सरोवर आहे, जिथे कालवांची शेती चालते. त्याच्या काठावरच्या मळ्यांत पिकपूल नावाचं द्राक्ष पिकतं. या नावाचा अर्थ 'ओठाला झोंबणारं' असा सांगतात. दक्षिणेच्या कडक उन्हातही आंबटपणा टिकवून धरणारं हे द्राक्ष आहे. २०१३ मध्ये तिला स्वतःची वेगळी एओसी मिळाली. बहुतेक वेळा उंच, सडपातळ, हिरव्या बाटलीत येते, त्यामुळे लांबून ओळखता येते. ६ ते १० युरो.

३. कोत द गास्कोन्य

नैर्ऋत्य फ्रान्सचा हा भाग आर्मान्याक नावाच्या ब्रँडीचा. ब्रँडी गाळायला काय लागतं? कमी अल्कोहोलची, भरपूर आंबट वाईन. त्यासाठी इथे उन्यी ब्लां, कोलोंबार अशी द्राक्षं होती. आर्मान्याकला पूर्वीसारखी मागणी उरली नाही, तेव्हा १९८० च्या दशकात इथल्या काही उत्पादकांनी वेगळा विचार केला. तीच द्राक्षं, पण स्टीलच्या टाकीत, थंड तापमानाला आंबवायची आणि ब्रँडी न गाळता वाईन म्हणूनच विकायची. तारिके हे त्यातलं आज सगळ्यात ओळखीचं नाव.

चव मोसंबी-पपनसाकडे जाणारी, सुगंध भरपूर. ४ ते ८ युरो. पहिल्यांदा व्हाईट वाईन पिणाऱ्याला आवडण्याची शक्यता हिच्यात जास्त. फक्त इथे गोड वाईनही बनतात, त्यामुळे 'सेक' म्हणजे कोरडी आहे ना, तेवढं बघा. लेबलवर एओपीऐवजी आयजीपी दिसेल. तो कमीपणा नाही, नियम थोडे सैल आहेत इतकंच.

४. आंत्र-दो-मेर

शब्दशः अर्थ 'दोन समुद्रांच्या मध्ये'. प्रत्यक्षात हा भाग गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्यांच्या मध्ये आहे, बोर्दोजवळ. बोर्दो म्हटलं की महागड्या रेड वाईन आठवतात, त्यामुळे तिथल्या साध्या व्हाईट वाईनकडे कुणाचं लक्ष जात नाही. आपला फायदा तिथेच. सोव्हिन्यों ब्लां आणि सेमियों ही द्राक्षं, ६ ते १० युरो, चिकन किंवा सॅलडबरोबर छान.

५. बुर्गोन्य आलिगोते

शार्दोनेचं दुसरं गरीब भावंडं. बुर्गोन्यमध्ये चांगली जमीन शार्दोनेला, उरलेली आलिगोतेला, अशीच वाटणी झाली. खणखणीत आंबट. दिजों शहराचे १९४५ ते १९६८ या काळातले महापौर फेलिक्स कीर हे धर्मगुरूही होते. ते पाहुण्यांना आलिगोतेत काळ्या बेदाण्यासारख्या कासिस फळाचं गोड मद्य घालून द्यायचे. ते पेय इतकं गाजलं की आज जगभर त्याला 'कीर' म्हणतात. साधारण ८ ते १५ युरो, म्हणजे या यादीतली ही थोडी महाग.

लेबल वाचायला एक मिनिट लागतो

वर्ष बघा. या वाईन ताज्या प्यायच्या असतात. शक्यतो मागच्या वर्षीची, फार तर दोन वर्षांपूर्वीची. पाच वर्षांची कोत द गास्कोन्य सेलमध्ये दिसली तर ती जुनी म्हणून भारी नाही, जुनी म्हणून उरलेली आहे.

गोडवा बघा. 'सेक' म्हणजे कोरडी. 'दमी-सेक' म्हणजे थोडी गोड. 'म्वालो' आणि 'दू' म्हणजे चांगलीच गोड. आल्झास भागातली उंच निमुळती बाटली घेताना तर हे हमखास बघा. तिथे कोरडी आणि गोड वाईन एकसारख्याच बाटल्यांत मिळते. २०२१ च्या हंगामापासून तिथे गोडवा लेबलवर लिहिणं बंधनकारक आहे.

अल्कोहोलचा आकडा बघा. १३.५ किंवा १४ असेल तर ती जडशीळ लागण्याची शक्यता जास्त. उन्हात ती नको.

मोठ्या शब्दांना भुलू नका. 'व्हिएय व्हिन्य' म्हणजे जुन्या वेली. पण वेल किती वर्षांची झाली की जुनी, हे कायद्याने ठरलेलं नाही. किल्ल्याच्या चित्राचंही तसंच, 'शातो' लिहिलं म्हणजे तिथे किल्ला असेलच असं नाही. उलट 'मिझ आं बुतेय ओ दोमेन' हे लांबलचक वाक्य कामाचं आहे. याचा अर्थ जिथे द्राक्षं पिकली, त्याच मळ्यावर वाईन बाटलीत भरली.

बाटली कुठे ठेवली होती ते बघा. पारदर्शक काचेची बाटली उन्हात किंवा प्रखर दिव्याखाली राहिली की वाईनची चव बिघडते. दुकानाच्या काचेशेजारची बाटली सोडा, मागची घ्या.

गार कशी करायची?

८ ते १० डिग्री पुरे. फ्रिजमध्ये दोन-तीन तास. घाई असेल तर बादलीत बर्फ, त्यात पाणी आणि मूठभर मीठ टाका, वीसेक मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फापेक्षा बर्फ-पाणी लवकर गार करतं, कारण पाणी बाटलीला सगळीकडून भिडतं. ग्लास छोटा भरा, म्हणजे शेवटचा घोटही गारच लागतो. आणि ग्लासात बर्फ टाकला म्हणून लाजू नका. फ्रान्समध्येही उन्हाळ्यात लोक बर्फ टाकून वाईन पितात, विशेषतः रोझे. फक्त बर्फ वितळला की वाईन पांचट होते, हे लक्षात ठेवा.

पण हा स्वस्ताईचा खेळ किती दिवस?

इथे विषय जरा गंभीर आहे.

या वाईनचा सगळा जीव आंबटपणात आहे, आणि आंबटपणा हवामानावर टिकतो. उन्हाळे तापतात तशी द्राक्षं लवकर पिकतात, साखर वाढते आणि आंबटपणा कमी होतो. साखर वाढली की अल्कोहोल वाढतं. म्हणजे जी हलकी वाईन आपल्याला हवीय, तीच बनवणं कठीण होत चाललंय.

दुसरीकडे हिवाळा उबदार गेला की कोंब लवकर फुटतात, आणि एप्रिलमध्ये थंडीची लाट आली की ते कोवळे कोंब जळून जातात. २०२१ च्या एप्रिलमध्ये फ्रान्समध्ये नेमकं हेच झालं. वेली वाचवायला शेतकऱ्यांनी रात्रभर मळ्यांत मेणबत्त्या आणि शेकोट्या पेटवल्या. फोटो सुंदर होते, पण पीक अनेक ठिकाणी हातचं गेलं. गारपिटीने द्राक्षबाग झोपलेली पाहणाऱ्या नाशिककराला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

४०० युरोची बाटली विकणारा अशा एका वर्षात तग धरतो. ६ युरोची विकणाऱ्याकडे तेवढी गादी नसते. म्हणून सुपरमार्केटात सगळ्यात खालच्या रॅकमधली ३ युरोची बाटली सोडून दोन-तीन युरो जास्त देऊन मळ्यावर भरलेली बाटली घेणं, यात चवीचाही फायदा आहे आणि शेतकऱ्याचाही.

आणि भारतात?

स्पष्ट सांगायचं तर ६ युरोची ही मजा भारतात पोचेपर्यंत ६ युरोची राहत नाही. बाटलीबंद परदेशी वाईनवर अनेक वर्षं १५० टक्के सीमाशुल्क राहिलंय. त्यावर राज्याचे कर, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा. वर प्रवासात आणि गोदामात उन्हाने बाटली तापली असेल तर चवीचीही खात्री नाही. त्यामुळे मुंबई-पुण्यात किंवा गोव्यात मुस्कादे दिसलीच तर आधी वर्ष बघा आणि बाटली एसीत ठेवलेली आहे का ते बघा.

पण इथेही पत्त्याचा तोच नियम वापरता येतो. नाशिकमध्ये सुलाने २००० साली ज्या पहिल्या वाईन आणल्या, त्यात सोव्हिन्यों ब्लां आणि शनां ब्लां होत्या. शनां ब्लां हे मूळचं ल्वार खोऱ्यातलंच द्राक्ष. शिवाय फ्रान्समध्ये द्राक्षतोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबर, तर नाशिकमध्ये साधारण जानेवारी ते मार्च. म्हणजे नाशिकची नवी व्हाईट वाईन फार दूरचा प्रवास न करता, ताजी असतानाच हातात येऊ शकते. चव फ्रान्सची नसेल, पण तिथली सीमाशुल्काची किंमतही नसेल.

शेवटचं, पण महत्त्वाचं

वाईन म्हणजे तब्येतीला चांगली, हा समज सोडून द्या. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही. उन्हात तर आणखी सांभाळायला हवं, कारण अल्कोहोलमुळे लघवीवाटे शरीरातलं पाणी जास्त जातं, आणि गार वाईन तहान भागवल्याचा भास करून देते. म्हणून तहान पाण्याने भागवा आणि ग्लासागणिक पाणी प्या. प्यायलात तर गाडी चालवू नका. फ्रान्समध्ये दारू विकत घ्यायचं वय १८ आहे, आणि काही शहरांत नदीकाठी, बागेत पिण्यावर बंदी असते. सतरंजी टाकण्याआधी तिथला बोर्ड वाचा. भारतात तुमच्या राज्यातला वयाचा आणि परवान्याचा नियम पाळा. पीत नसाल, तर या लेखामुळे सुरू करायचं काहीच कारण नाही.

आणि पीत असाल, तर पुढच्या वेळी त्या भिंतभर बाटल्यांसमोर उभे राहिलात की किल्ले आणि पदकं सोडा. मागच्या वर्षीची, १२ टक्क्यांची, 'सुर ली' लिहिलेली मुस्कादे उचला. ७-८ युरोत भागेल. नदीकाठी कुणी विचारलंच, "ही कसली स्वस्तातली आणलीस?" तर त्याला तिच्या करोडपती भावाची गोष्ट सांगा. तोवर बाटली अर्धी झालेली असेल.